शेजारच्या लीगमधले वीस गुण आपल्याकडे किती मोलाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नांदेडला सहा संघांची, लिलाव पद्धतीची निमंत्रित बास्केटबॉल लीग घ्यायची आहे. हैदराबाद, निजामाबाद, बीदर, कलबुर्गी इकडून बरेच अर्ज आलेत, एक-दोन नेपाळचेही आहेत. प्रत्येकानं आपापल्या स्पर्धेतली सरासरी लिहून पाठवली आहे. कुणी २२ गुण लिहिलेत, कुणी १४ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू). लातूर, परभणी, संभाजीनगरच्या आपल्या मुलांसोबत यांना कोणत्या श्रेणीत बसवायचं? आणि परदेशातल्या मोठ्या लीग शेजारच्या देशातून येणाऱ्या खेळाडूचा दर्जा नेमका कसा ठरवतात?

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बावीस गुणांच्या त्या आकड्यात खेळाडूसोबत समोरचा संघ, सामन्याची लांबी, खेळाचा वेग आणि संघानं त्याला दिलेलं काम हे सगळं मिसळलेलं असतं. त्यातून खेळाडू वेगळा काढायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. दोन्हीकडे खेळलेली माणसं शोधायची आणि त्यांची तिकडची व इकडची कामगिरी शेजारीशेजारी मांडायची. यांना आपण दुव्याचे खेळाडू म्हणू. जपान असो, कोरिया असो की युरोप, जाणते संघ शेवटी याच वाटेनं जातात. त्यांच्याकडे दुवे भरपूर असतात, आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून आपल्याला हिशोब जास्त जपून करावा लागतो.

दुव्यांकडे जाण्याआधी सगळे आकडे एका मापात आणा. फिलिपिन्सची पीबीए आणि चीनची सीबीए इथं १२ मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे ४८ मिनिटांचा सामना असतो. जपानची बी. लीग आणि कोरियाची केबीएल फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या नियमानं ४० मिनिटं खेळतात. नुसत्या सरासरीची तुलना केली तर पीबीएचा खेळाडू आठ मिनिटांच्या जोरावरच मोठा दिसतो. आपल्याकडे तर निमंत्रित स्पर्धांमध्ये दिवसाला चार-पाच सामने उरकायचे म्हणून क्वार्टर आठ मिनिटांवर आणतात, घड्याळही थांबवत नाहीत. त्यामुळे अर्जात सरासरी असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: क्वार्टर किती मिनिटांचा होता, आणि घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबत होतं का?

मिनिटांपेक्षाही खरं माप पझेशनचं, म्हणजे चेंडू संघाच्या हाती आला की तो समोरच्याकडे जाईपर्यंतच्या एका पाळीचं. संघाची पझेशन मोजायचं सूत्र सोपं आहे: मारलेले सगळे शॉट, अधिक मिळालेल्या फ्री थ्रोंच्या ०.४४ पट, वजा स्वतःच्या संघाचे आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच गमावलेले चेंडू. ०.४४ यासाठी की प्रत्येक दोन फ्री थ्रोंनी पझेशन संपतंच असं नाही. बास्केट झाल्यावर मिळणारा एक जादा फ्री थ्रो असतो, टेक्निकल फाऊलचा असतो, थ्री पॉइंटरवरच्या फाऊलचे तीन असतात.

याचा परिणाम किती मोठा असतो ते लुका डॉन्चिचच्या उदाहरणावरून कळेल. २०१७-१८ ला रिआल माद्रिदकडून युरोलीगमध्ये (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) त्याची सरासरी सुमारे २६ मिनिटांत १६ गुण, ४.९ रिबाउंड आणि ४.३ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट झाला असे पास) अशी होती. पुढच्याच मोसमात डॅलसकडून अमेरिकेच्या एनबीएत ३२.२ मिनिटांत २१.२ गुण, ७.८ रिबाउंड, ६ असिस्ट. वरवर पाहणारा म्हणेल, अवघड लीगमध्ये गेला आणि गुण वाढले. आता पझेशन लावा. युरोलीगमध्ये ४० मिनिटांत साधारण ७२ पझेशन होतात, त्या मोसमात एनबीएत ४८ मिनिटांत सुमारे १००. दर १०० पझेशनला त्याचे गुण युरोलीगमध्ये सुमारे ३४ येतात, एनबीएत साडेएकतीसच्या आसपास. म्हणजे गुण प्रत्यक्षात घटले. असिस्ट ९.२ वरून ८.९ वर, जवळपास जागच्या जागी. रिबाउंड मात्र साडेदहावरून साडेअकराच्या वर गेले. तोही १९ वर्षांचा, वाढत्या वयाचा मुलगा असताना. वाढतं वय धरलं तर लीगमधला खरा फरक या घटीपेक्षा मोठाच असणार.

यात एक कल दिसतो, तो लक्षात ठेवा. सोप्या स्पर्धेतून अवघड स्पर्धेत जाताना सगळ्यात आधी पडते ती गुण करण्याची क्षमता, त्यातही रिंगजवळचे शॉट आणि ड्रिबल करून स्वतः तयार केलेले शॉट. टर्नओव्हर आणि फाऊल वाढतात. बचावातले रिबाउंड आणि पासिंग बऱ्यापैकी टिकतं. फ्री थ्रोची टक्केवारी तर जवळजवळ जशीच्या तशी येते, कारण तिथं अंगावर कुणी नसतं. निकोला योकिच अ‍ॅड्रियाटिक लीगमधल्या मेगा क्लबकडून खेळत होता तेव्हा २०१४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, तो पार ४१ वा निवडला गेला. उडी कमी, पळायला संथ. पण उंच माणसाच्या हातात असं पासिंग असणं हे टिकणारं कौशल्य होतं, आणि पुढं तो एनबीएचा तीनदा एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. तेव्हा अर्जात ‘२२ गुण’ लिहिलेलं असेल तर ते गुण कुठून आले हे विचारल्याशिवाय श्रेणी देऊ नका.

शेजारच्या देशांच्या स्पर्धा एकमेकींशी ताडून पाहायला सगळ्यात सोयीची जागा बाल्कन प्रदेश आहे. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया, माँटेनेग्रो या शेजाऱ्यांची मिळून अ‍ॅड्रियाटिक लीग २००१ पासून चालते. त्यातले बेलग्रेडचे दोन क्लब, पार्टिझान आणि त्सर्वेना झ्वेज्दा, त्याच मोसमात युरोलीगही खेळतात. म्हणजे तोच खेळाडू, तोच प्रशिक्षक, तोच महिना, आणि समोरचा संघ फक्त वेगळा. वय, दुखापत, संघातलं काम हे सगळं आपोआप सारखं राहतं. दुवा म्हणून याहून चांगलं काही मिळत नाही. एका मोसमात इकडे आणि दुसऱ्या मोसमात तिकडे खेळलेला खेळाडू हा त्याखालोखालचा दुवा. मधे दोन-तीन वर्षं गेली असतील तर त्याला दुवा धरूच नका.

पूर्व आशियात मामला जरा गुंतागुंतीचा आहे, आणि आपल्याला त्यातूनच जास्त शिकता येतं. बी. लीगनं २०२० मध्ये आशियाई कोटा सुरू केला. सुरुवातीला त्यात चीन, तैवान, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया होते. केबीएलनं त्याच वर्षी जपानी खेळाडूंना आणि २०२२ पासून फिलिपिनो खेळाडूंना दार उघडलं. या कोट्यातला खेळाडू परदेशी खेळाडूंच्या मर्यादेत मोजला जात नाही. नियमांत वेळोवेळी फेरफार होतात, पण गाभा हाच.

आता फिलिपिन्सचा एखादा चांगला विंग (कडेनं खेळणारा) घ्या. पीबीएच्या फिलिपीन कपमध्ये परदेशी खेळाडू चालतच नाही. तिथं तो संघाचा मुख्य माणूस असतो. चेंडू त्याच्या हातात, शेवटचा शॉट त्याचा. तोच जपानला गेला की कोर्टवर त्याच्यासोबत दोन परदेशी धिप्पाड खेळाडू असतात. पोस्टमधला, म्हणजे रिंगजवळचा चेंडू त्यांच्याकडे जातो, पिक अँड रोलचा (सहकाऱ्यासाठी बचावपटूला अडवून रिंगकडे वळायची चाल) शेवट ते करतात. याला कोपऱ्यात उभं राहून चेंडू मिळाला की थ्री मारायचा आणि समोरच्या संघाच्या सर्वांत चपळ गार्डला अडवायचं, एवढंच काम उरतं. गुण अर्ध्यावर येतात, खेळाडू मात्र तोच असतो. हा फरक लीगच्या ताकदीच्या खात्यावर टाकला तर जपानची लीग आहे त्याहून कितीतरी अवघड ठरेल आणि पुढच्या प्रत्येक फिलिपिनो खेळाडूची किंमत उगाच पाडली जाईल.

म्हणून पीबीएचे आकडे घेताना फिलिपीन कप एका रकान्यात ठेवतात आणि परदेशी खेळाडूला परवानगी असलेल्या मोसमातल्या बाकीच्या दोन स्पर्धा (तिथं त्यांना कॉन्फरन्स म्हणतात) दुसऱ्यात. उंच खेळाडूचे रिबाउंड दुसऱ्या रकान्यातूनच घ्यावेत, कारण परदेशात त्याला तसल्याच अंगापिंडाच्या माणसाशी झटायचं असतं. शूटिंगसाठी दोन्ही रकाने एकत्र केले तरी चालतं.

दुसरी गफलत पासपोर्टची. कोटा पासपोर्ट बघतो, दर्जा मात्र आधीच्या लीगवरून ठरतो. २०२३-२४ मध्ये केबीएलचा एमव्हीपी झालेला इथन अल्वानो फिलिपिनो कोट्यातून आला होता, पण तो अमेरिकेत वाढलेला. आधीच्या मोसमात केबीएलचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला आर. जे. अबारिएंतोस मनिलाच्या विद्यापीठ स्पर्धेतून थेट कोरियात गेला होता. एकाच कोट्यात बसणाऱ्या या दोघांना ‘फिलिपिन्सचे खेळाडू’ म्हणून एकच गुणक (तिकडचे आकडे इकडच्या मापात आणायला ज्यानं गुणायचं तो आकडा) लावला तर दोघांचाही अंदाज चुकेल. तुमच्याकडेही तेच होणार. ‘हैदराबादचा’ असं कळून काही कळत नाही. तो शहरातल्या क्लब स्पर्धेत खेळला, विद्यापीठाकडून खेळला, की एखाद्या नोकरीतल्या संघाकडून, यावर त्याच्या आकड्यांचं वजन ठरतं. अर्जात गावाच्या रकान्याशेजारी स्पर्धेचा रकाना सक्तीचा करा.

आता प्रत्यक्ष हिशोब. समजा पलीकडच्या एका स्पर्धेत आणि तुमच्या स्पर्धेत मिळून तीन दुवे सापडले. पहिला तिकडे १६० मिनिटं खेळला आणि दर ४० मिनिटांना २५ गुण, इकडे १२० मिनिटं आणि २८ गुण. दुसरा तिकडे २०० मिनिटं, १८ गुण. इकडे ८० मिनिटं, २२.५ गुण. तिसरा तिकडे ६० मिनिटं, १६ गुण. इकडे १४० मिनिटं, १४ गुण. प्रत्येकाला वजन देताना दोन्हीकडच्या मिनिटांचा गुणाकार दुप्पट करून बेरजेनं भागा. पहिल्याचं वजन १३७ येतं, दुसऱ्याचं ११४, तिसऱ्याचं ८४, एकूण ३३५. या पद्धतीत ज्याची एका बाजूची मिनिटं फारच थोडी आहेत त्याचं वजन आपोआप खाली येतं. मग इकडचे गुण वजनानं गुणून बेरीज करा, ७,५७७. तिकडचे तसेच, ६,८२१. भागाकार १.११. म्हणजे तिकडून इकडे आलं की गुण ११ टक्के वाढतात, तिकडची स्पर्धा तेवढी कडक आहे. प्रत्येक खेळाडूचं गुणोत्तर काढून त्यांची सरासरी घेण्यापेक्षा बेरजांचा भागाकार घ्या. ब्लॉक किंवा स्टीलसारख्या छोट्या आकड्यांत एकाचं गुणोत्तर पाचपट येतं आणि सगळा हिशोब बिघडवतं.

पण तीन माणसांवरून ११ टक्के म्हणून मोकळं होऊ नका. हा आकडा १ कडे ओढायचा असतो. वजनांची बेरीज ३३५, तिच्यात ३०० मिळवा. ३३५ भागिले ६३५ म्हणजे ०.५३. फरक होता ०.११, त्याची ०.५३ पट सुमारे ०.०६. गुणक झाला १.०६. तिकडे ४० मिनिटांना २० गुण करणाऱ्या नव्या मुलाकडून इथं २१ च्या आसपास अपेक्षा ठेवा. हे ३०० कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही, तो सावधपणाचा आकडा आहे. दोन-तीन मोसमांचे आकडे हाती आले की तो कमी-जास्त करून पाहता येतो. गुण, बचावातले रिबाउंड, असिस्ट, टर्नओव्हर यांचे गुणक वेगवेगळे काढा. सगळ्यांना मिळून एकच गुणक लावणं ही सर्रास होणारी चूक आहे.

या पद्धतीत एक सापळा आहे आणि मोठमोठे संघही त्यात सापडतात. दुव्याचा खेळाडू हा यदृच्छेनं निवडलेला नसतो. पलीकडे मोसम गाजवला म्हणून त्याला बोलावलेलं असतं. गाजलेल्या मोसमात थोडा नशिबाचाही वाटा असतो, तो पुढच्या मोसमात निघून जातो. मग आकडे घसरतात आणि आपण म्हणतो नवी लीग फार अवघड आहे. यावर उपाय म्हणून तिकडचा एकच मोसम न घेता मागचे दोन-तीन मोसम एकत्र घ्या. उलट बाजूनं, जे आले आणि चालले नाहीत त्यांना चार-सहा मिनिटं देऊन बाकावर बसवलं गेलं. ते वजनात जवळपास शून्य होतात, म्हणून स्पर्धा आहे त्यापेक्षा सोपी दिसू लागते. त्यांची नावं गाळू नका, वेगळी लिहून ठेवा.

दुवाच नसेल तर संघांचे निकाल कामी येतात. पूर्व आशियात ईस्ट एशिया सुपर लीगमुळे जपान, कोरिया, फिलिपिन्सचे क्लब थेट भिडतात. तिची २०२३ च्या मार्चमधली चॅम्पियन्स वीक ही स्पर्धा कोरियाच्या आनयांगनं जिंकली, २०२४ चं विजेतेपद जपानच्या चिबा जेट्सनं. असे निकाल घेताना फरकाला कमाल मर्यादा घाला. वीसच्या वरचा फरक वीसच धरा, कारण शेवटच्या क्वार्टरमध्ये बाकावरची मुलं उतरलेली असतात. आणि नियम बघा. पीबीएचा क्लब एरवी एका परदेशी खेळाडूसोबत खेळतो, तिथं त्याला दोघांना सामावून घ्यावं लागतं. त्या निकालावरून त्याच्या स्थानिक मुलांचा दर्जा ठरवणं अन्यायाचं आहे. राष्ट्रीय संघांच्या निकालांना तर याहून कमी वजन द्या. सामने थोडे, आणि वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व मिळालेला एक खेळाडू फिबा चालवून घेते. तो एकटाच निकाल फिरवू शकतो.

आता आपल्या भागाकडे. नांदेड आणि हैदराबादच्या मुलांमध्ये दुवे कमी का सापडतात याचं एक कारण आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या रचनेत आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ पश्चिम विभागात खेळतात. तेलंगण आणि कर्नाटकातली विद्यापीठं दक्षिण विभागात. उदगीरहून बीदर जवळच, पण उदगीरचा विद्यार्थी विद्यापीठाकडून खेळताना भोपाळ-जयपूरच्या मुलांशी भिडतो, बीदरच्या नाही. दोन्ही विभागांचे संघ भेटतात ते अखिल भारतीय फेरीत, आणि तिथवर थोडेच पोचतात. त्यामुळे तुमचे खरे दुवे निमंत्रित स्पर्धांमध्येच आहेत. देगलूर, उदगीर, उमरगा, धर्माबाद या सीमेवरच्या गावांतल्या स्पर्धांच्या आयोजकांकडून मागच्या तीन वर्षांच्या स्कोअरशीट मागवा. त्यात दोन्हीकडची नावं एकत्र मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

स्कोअरशीट हाती आली की एक अडचण लगेच जाणवेल. फिबाच्या नमुन्यातल्या शीटवर फक्त झालेले बास्केट असतात. रनिंग स्कोअरच्या रकान्यात दोन गुणांच्या बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, आणि तीन गुणांचा असेल तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल. हुकलेला शॉट कुठंच नाही. रिबाउंड, असिस्ट, टर्नओव्हर नाहीत. मिनिटंही नाहीत. सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती गोल असतो आणि नंतर उतरलेल्याला नुसती फुली, एवढंच कळतं. तेव्हा कुणी जुन्या शीटवरून ‘१४ रिबाउंडची सरासरी’ काढली म्हणत असेल तर ती कुठल्या कागदावर नोंदवली होती ते आधी बघा.

अशा शीटवरून जे काढता येतं ते एवढं: संघाच्या गुणांत त्याचा वाटा. संघाच्या ६५ पैकी १८ म्हणजे जवळपास २८ टक्के. सामन्याचा वेग आणि लांबी यातून आपोआप वजा होते, म्हणून हा आकडा सरासरीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. त्यासोबत उपांत्य-अंतिम फेरीतला वाटा वेगळा काढा. साखळीत दुबळ्या संघांवर ३० गुण लावणारे पुष्कळ भेटतात, दाबात तेच १० वर येतात. फ्री थ्रोचे झालेले ठिपके मिळतात, हुकलेले नाहीत, त्यामुळे टक्केवारीसाठी व्हिडिओच लागेल. फ्री थ्रोचं खरंखोटं कळायला निदान ५० प्रयत्न हवेत. तेवढ्यावरसुद्धा ७५ टक्क्यांचा खेळाडू ६३ ते ८७ मध्ये कुठंही असू शकतो. दहा प्रयत्नांवरची टक्केवारी लिहूच नका.

कोर्टचा फरक आपल्याकडे कुणी मोजत नाही, तो मोजायला हवा. फिबानं २०१० मध्ये थ्री पॉइंटची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ वर नेली. गावोगावच्या जुन्या सिमेंटच्या कोर्टवर मात्र कुठं कुठं अजूनही जुनीच रेषा रंगवलेली असते. तपासायला टेप पुरेसा आहे. रिंगच्या मध्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून समोरच्या कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६.७५ मीटर भरले पाहिजेत, आणि कोपऱ्यातली सरळ रेषा साइडलाइनच्या आतल्या कडेपासून ०.९० मीटरवर असली पाहिजे. जुन्या रेषेवर थ्री मारणारा मुलगा नव्या रेषेवर अर्धा मीटर मागं उभा राहतो, आणि त्याचे निम्मे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतात. तसंच हैदराबादला इनडोअर लाकडी कोर्टवर खेळलेला शूटर नांदेडच्या उघड्या सिमेंट कोर्टवर, मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, पहिल्या दोन सामन्यांत हमखास घसरतो. त्या दोन सामन्यांवर त्याचा निकाल लावू नका. ३ बाय ३ स्पर्धांचे आकडे कुणी पाठवले असतील तर ते सरळ बाजूला ठेवा. १२ सेकंदांचा शॉट क्लॉक, एक आणि दोन गुणांचे बास्केट, अर्धं कोर्ट. त्यातून पाच जणांच्या खेळाचा अंदाज बांधता येत नाही.

उंचीबद्दल एक गोष्ट आग्रहानं सांगावीशी वाटते. तालुक्याच्या संघात ६ फूट २ इंचाचा मुलगा सेंटर असतो आणि १४ रिबाउंड घेतो. कडक स्पर्धेत त्याच्यासमोर साडेसहा फुटी येतो आणि त्याला बाहेरच्या जागेवर सरकावं लागतं. तिथं चेंडू हाताळणं, डाव्या हातानं ड्रिबल, गार्डला पायांनी अडवणं लागतं, जे त्याला कधी शिकवलेलंच नसतं. आकड्यांच्या हिशोबात हे दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. म्हणून अर्जात त्याची उंची विचारा, आणि तो नेहमी किती उंचीच्या माणसाला अडवत होता तेही विचारा. वयही तितकंच महत्त्वाचं. २० वर्षांचा आणि २८ वर्षांचा सारख्याच आकड्यांचे असतील तर वीसवाला एक पायरी वर धरा. पण जन्मतारीख दहावीच्या सनदेवरून आणि आधारवरून ताडूनच.

हे सगळं झाल्यावर दशांश चिन्हांसह क्रमवारी लावायचा मोह होईल. तो टाळा. अ, ब, क अशा तीनच श्रेण्या करा आणि प्रत्येक नावापुढं भरवशाची खूण ठेवा: दोन्हीकडचे आकडे आहेत, फक्त तिकडचे आहेत, किंवा नुसता अर्ज आहे. नुसत्या अर्जावर कुणालाही अ श्रेणी नाही, गुण कितीही लिहिलेले असोत. बेस प्राइस श्रेणीनुसार लावा. प्रत्येक संघात बाहेरचे किती आणि कोर्टवर एका वेळी किती, हे लिलावाआधी जाहीर करा. एका वेळी दोनच बाहेरचे ठेवले तर स्थानिक मुलांच्या हातात चेंडू राहतो आणि पुढच्या वर्षी तुलनेला खरे आकडे मिळतात. चार बाहेरचे उतरवले तर आपल्या मुलांची मोजणीच होत नाही.

ज्यांचा काहीच दुवा नाही त्यांच्यासाठी लिलावाच्या आदल्या दिवशी चाचणी ठेवा. एकट्यानं शॉट मारून दाखवणं यात वेळ घालवू नका. दहा-दहा मिनिटांचे चार डाव, पाच विरुद्ध पाच, आणि प्रत्येक डावात जोड्या बदलून. समोर नेहमी एक असा स्थानिक खेळाडू ठेवा ज्याचा दर्जा सगळ्यांना पक्का माहीत आहे. दोन नोंदणारे लागतात. एकानं खेळ बघत मोठ्यानं सांगायचं, ‘सात नंबर, डावीकडून, हुकला, रिबाउंड अकरा’, आणि दुसऱ्यानं मान वर न करता लिहायचं. एकट्यानं बघून लिहायला घेतलं की टर्नओव्हर सुटतात. मोबाइल स्टँडवर लावून, मधल्या रेषेच्या टोकाला, शक्य तितक्या उंचीवरून चित्रण करा. व्हिडिओवरून ४० मिनिटांचा सामना नोंदायला सरावलेल्या माणसालाही दोन तास सहज लागतात, त्याची माणसं आधीच ठरवून ठेवा.

राहता राहिले नेपाळचे खेळाडू. त्यांच्या बाबतीत दर्जाआधी कागद पाहावे लागतात. एका देशाच्या महासंघाकडे नोंद असलेला खेळाडू दुसऱ्या देशात खेळायला आला तर फिबाच्या नियमानुसार आधीच्या महासंघाचं लेटर ऑफ क्लिअरन्स लागतं. ते खेळाडूनं स्वतः आणून चालत नाही, भारतीय बास्केटबॉल महासंघाकडून मागणी जावी लागते. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला असं हलवायला काही अपवाद सोडता परवानगी नाही. स्पर्धेला राज्य संघटनेची मान्यता घेणार असाल तर नावं राज्य संघटनेमार्फत महिनाभर आधी कळवा, आणि पत्र हातात पडेपर्यंत त्यांची नावं लिलावाच्या यादीत घालू नका. एखाद्या संघानं पैसे लावून घेतलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या सकाळी अपात्र ठरला तर त्याची भरपाई कशी करायची, याचं कलम नियमावलीत आधीच लिहून ठेवलेलं बरं. त्याच श्रेणीतला न विकला गेलेला खेळाडू बेस प्राइसला देणं, हा त्यातला सगळ्यात कमी वादाचा तोडगा.